सगळे दिवे एलईडी केले, तरी बिल अर्धं का झालं नाही?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, मीटर महावितरणचं. हॉलमधल्या दोन, स्वयंपाकघरातली एक आणि दोन्ही बेडरूममधली एकेक अशा चोकवाल्या पाच ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या. बाथरूम आणि संडासातले १५ वॅटचे सीएफएल आणि बाल्कनीतला ६० वॅटचा बल्ब काढून ९ वॅटचे एलईडी बसवले. खोक्यावर ‘८५ टक्के बचत’ असं छापलं होतं. पूर्वी महिन्याला २१० युनिट पडायची, आता १९३ पडतात. बाकीची बचत कुठे गेली? देवघरातला आणि पॅसेजमधला झिरोचा बल्ब तसाच ठेवला आहे, ‘ते काय खातात?’

बचत कुठेही गेलेली नाही. १७ युनिट हा आकडा हिशेबाला बरोबर बसतो. उत्तर खरं तर तुमच्या शेवटच्या ओळीत आहे, पण आधी पाच ट्यूबचा हिशेब मांडू.

चोकवाली ट्यूब म्हणजे ४० वॅट असं आपण धरतो. तांब्याच्या तारेचा जड चोक स्वतः आणखी १२ ते १५ वॅट खातो आणि ती वीज नुसती उष्णता होऊन जाते. संध्याकाळी पट्टीला हात लावला की चटका बसायचा तो यामुळेच. म्हणून एक ट्यूब ५२ वॅट धरा. हॉलमधली एक रोज ५ तास आणि दुसरी पाहुणे आले तर, सरासरी १ तास. स्वयंपाकघरातली ५ तास. बेडरूमच्या तीन-तीन तास. एकूण १७ तास, म्हणजे रोज ८८४ वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). दोन सीएफएल दीड-दीड तास म्हणजे ४५, आणि बाल्कनीतला बल्ब अर्धा तास म्हणजे ३०. बेरीज ९५९ वॅट-तास, म्हणजे महिन्याला साधारण २९ युनिट. एलईडी झाल्यावर त्याच तासांना ३७१ वॅट-तास, म्हणजे ११ युनिट. फरक १७ ते १८ युनिटांचा. दिव्यांवर तुम्ही ६० टक्के वाचवलेत. पण २१० युनिटांतली जी २९ युनिट या दिव्यांची होती, त्यांच्यातली साठ टक्के. हे दिवे कायमचे काढून टाकून अंधारात बसलात तरी बिल १८१ च्या खाली गेलं नसतं.

खोक्यावरचे ८५ टक्के खोटे नाहीत. ते ६० वॅटच्या तारेच्या बल्बाशी ९ वॅटच्या एलईडीची तुलना करून काढलेले असतात. तुमच्या घरात तारेचा बल्ब एकच होता, तोही अर्धा तास जळणारा. ट्यूबपासून एलईडी पट्टीपर्यंत घट ६० टक्के आणि सीएफएलपासून एलईडीपर्यंत जेमतेम ४० टक्के. सीएफएलच्या बाबतीत तर घाई करण्याची गरजच नव्हती. दिवसाला दीड तास जळणारा १५ वॅटचा सीएफएल बदलून वर्षाला ३ युनिट वाचतात. तो आपोआप जाईपर्यंत ठेवला असता तरी चाललं असतं.

आता तो झिरोचा बल्ब

झिरो वॅटचा बल्ब असं काही नसतं. आपण ज्याला झिरो म्हणतो तो तारेचा छोटा बल्ब १२ ते १५ वॅटचा असतो. जुनी चकती फिरणारी मीटरं एवढ्या कमी भाराला नीट हलत नसत, म्हणून त्याची नोंद शून्य. नाव तिथून पडलं आणि मीटर बदलली तरी नाव राहिलं. आजचं इलेक्ट्रॉनिक मीटर दोन-चार वॅटचा भारही मोजतं.

देवघरातला बल्ब चोवीस तास असतो. १५ वॅट गुणिले २४ म्हणजे रोज ३६० वॅट-तास, महिन्याला पावणेअकरा युनिट, वर्षाला १३१ युनिट. पॅसेजमधला रात्री नऊ तास धरला तर महिन्याला ४ युनिट. दोन्ही मिळून पंधरा. म्हणजे पाच पट्ट्या आणि तीन बल्ब आणून, वायरमन बोलावून जेवढं वाचवलंत, जवळपास तेवढंच हे दोन चिमुकले दिवे खात बसले आहेत. त्यांच्या जागी अर्ध्या वॅटचे एलईडी लावा, त्याच होल्डरमध्ये बसतात. महिन्याला १४ युनिट वाचतील. देवघरातल्या एका बल्बचाच हिशेब १० रुपये युनिट दराने महिन्याला शंभर रुपयांच्या वर जातो. तीस-चाळीस रुपयांचा एलईडी बल्ब दहा-बारा दिवसांत वसूल. लाल किंवा पिवळ्या प्रकाशाचा घ्या. निळसर पांढरा देवघरात डोळ्याला बोचतो आणि झोपण्याच्या खोलीत तर नकोच.

दिवा किती वॅटचा आहे यापेक्षा तो किती तास जळतो हे आधी बघावं लागतं, आणि लोक नेमकं उलट करतात. रोज ५ तास जळणारी चोकवाली ट्यूब बदलली तर वर्षाला ५८ युनिट वाचतात, म्हणजे अडीचशे रुपयांची पट्टी पाच महिन्यांत फिटते. तीच ट्यूब अडगळीच्या खोलीत दिवसाला अर्धा तास जळत असेल तर फिटायला चार वर्षं. सोसायटीच्या जिन्यात मात्र दिवे रात्रभर असतात. सात मजल्यांवर दोन-दोन अशा चौदा चोकवाल्या ट्यूब बारा तास म्हणजे महिन्याला सुमारे २६० युनिट. जिन्यात वाचन करायचं नसतं. ९ वॅटचा बल्ब पुरतो, आणि मग तोच आकडा ४५ वर येतो. स्वतःच्या घरातले दिवे बदलण्याआधी सोसायटीच्या कॉमन मीटरचं बिल मागून बघा.

बिल वाचताना होणारी चूक

मागच्या महिन्याच्या बिलाशी तुलना करू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यातलं बिल आणि डिसेंबरचं बिल यांतला फरक पंख्यांचा असतो, दिव्यांचा नव्हे. गेल्या वर्षीचा तोच महिना घ्या, आणि युनिटांना रीडिंगच्या दिवसांनी भागून रोजचा आकडा काढा, कारण रीडिंग कधी २८ दिवसांनी होतं, कधी ३३ दिवसांनी. मागच्या महिन्यांचा वापर बिलावर छापलेला असतोच.

रुपयांत बघाल तर टक्केवारी आणखी कमी दिसेल. स्थिर आकार एकही युनिट न वापरता भरावा लागतो, त्याला एलईडीशी देणंघेणं नाही. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मात्र युनिटांवर असतात, आणि वर वीज शुल्क १६ टक्के. बचतीच्या बाजूने एक गोष्ट चांगली आहे. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत, आणि वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतं. तुमची १७ युनिट १०१ ते ३०० च्या दराने वाचली, शंभराच्या आतल्या स्वस्त दराने नव्हे. वर मी १० रुपये धरले ते गणित सोपं राहावं म्हणून. तुमचा खरा दर बिलाच्या मागच्या बाजूला बघून घाला.

मीटरवर स्वतः मोजा

पट्टी खरंच २० वॅट खाते का, हे कळायला वेगळं यंत्र लागत नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. पाटीवर ३२०० किंवा १६०० असा आकडा आणि त्यापुढे इंग्रजीत ‘इंप पर केडब्ल्यूएच’ असं छापलेलं असतं. ३२०० म्हणजे एका युनिटाला लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो.

घरातलं सगळं बंद करा, फ्रिज, राउटर, सेट-टॉप बॉक्स, वाजणारी घंटासुद्धा. इन्व्हर्टर असेल तर त्याचं चार्जिंग आधी मेनपासून तोडा, नाहीतर तोच आकडा बिघडवतो. आता पाच मिनिटं लाल दिवा अजिबात लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर काहीतरी चालू राहिलं आहे किंवा वायरिंगमध्ये गळती आहे, आणि दिव्यांआधी ते शोधणं जास्त महत्त्वाचं. मग पाचही पट्ट्या एकदम लावा आणि दहा लुकलुकांना किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. पहिली लुकलुक दिसली की शून्यापासून मोजायला लागा, एकपासून नव्हे. एका लुकलुकीचे सेकंद काढा आणि ११२५ ला त्याने भागा. येईल तो आकडा वॅट. १६०० च्या मीटरला ११२५ च्या जागी २२५० घ्या. पाच पट्ट्यांचे १०० वॅट असतील तर दर सव्वाअकरा सेकंदांनी एक लुकलुक, दहांना ११२ सेकंद. एकच ९ वॅटचा बल्ब मोजायला जाल तर दोन मिनिटं एका लुकलुकीची वाट बघत उभं राहावं लागेल, म्हणून चार-पाच दिवे एकदम लावलेले बरे.

दिव्याच्या पॉवर फॅक्टरबद्दल (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) कोणी घाबरवलं तर घरगुती बिलापुरतं सोडून द्या. स्वस्त बल्बांचा पॉवर फॅक्टर ०.५ च्या आसपास असतो हे खरं, पण घरगुती मीटर युनिटांचे पैसे लावतं. लहान इन्व्हर्टरवर मात्र ही गोष्ट मोजावी लागते.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब

तुम्ही पूर्ण पट्ट्या बदलल्यात ते उत्तम केलंत. जुन्या पट्टीत नुसती एलईडी ट्यूब घालणाऱ्यांचे घोटाळे जास्त असतात. या ट्यूब दोन तऱ्हेच्या येतात. एकीत फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाच्या दोन पिनांना द्यायचे असतात आणि दुसरं टोक नुसतं धरून ठेवायला. दुसरीत फेज एका टोकाला, न्यूट्रल दुसऱ्या. एका टोकाच्या ट्यूबचं बिनकामाचं टोक आतून जोडलेलं असू शकतं. ट्यूब उलटी बसवून तेच टोक वीज आलेल्या होल्डरमध्ये गेलं की सरळ शॉर्ट, एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारं मेनजवळचं बटण) पडतो. कोणतं टोक कुठे, हे ट्यूबवर छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पेटवू नका.

इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर काढायलाच हवा. तांब्याचा चोक काही ट्यूबना चालतो, पण मग स्टार्टरच्या जागी सोबत आलेला एलईडी स्टार्टर घालावा लागतो. जुना स्टार्टर राहिला तर ट्यूब उघडझाप करत बसते. आणि चोक ठेवलात तर तो एक-दोन वॅट खातच राहतो. एकदा पट्टीचं वायरिंग बदललं की त्यात चुकूनही जुनी ट्यूब घालायची नाही. तिच्या टोकाच्या बारीक तारेवर सरळ २३० व्होल्ट येतात आणि टोक फुटतं. पट्टीवर मार्करने ‘फक्त एलईडी’ असं लिहून ठेवा, कारण पुढच्या भाडेकरूला हे ठाऊक नसतं.

एक तक्रार नेहमी येते: एलईडी पट्टी लावली आणि छत काळवंडल्यासारखं दिसायला लागलं. जुनी ट्यूब चोहीकडे प्रकाश टाकते, एलईडी पट्टी फक्त खाली आणि बाजूंना. ओट्यावर किंवा टेबलावर उजेड तेवढाच असतो. मात्र ट्यूबच्या जागी ९ वॅटचा बल्ब लावून काम भागत नाही. ९ वॅटचा चांगला बल्ब ८०० ते ९०० ल्युमेन (उजेडाचं माप) देतो, पट्टी २००० च्या आसपास. घेताना वॅट नव्हे, खोक्यावरचे ल्युमेन बघा आणि वॅटने भागा. ९० च्या खाली आलं तर घेऊ नका. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक, इंग्रजी ‘आर’ पासून सुरू होणारा, खोक्यावर आणि बल्बवर दोन्हीकडे हवा. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या सरकारच्या उजाला योजनेत ७० रुपयांना मिळालेल्या बल्बनी सगळा बाजार स्वस्त केला, पण त्याच स्वस्ताईच्या आडून बिनक्रमांकाचा मालही रस्त्यावर आला.

लवकर जाणारे बल्ब

पंचवीस हजार तास छापलेला बल्ब वर्षात गेला तर एलईडीपेक्षा त्याच्या आतल्या ड्रायव्हरवर, म्हणजे घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणाऱ्या भागावर संशय घ्या. उघडलात तर बहुधा फुगलेला कपॅसिटर दिसेल, किंवा पिवळ्या चिपांपैकी एकीवर काळा ठिपका. चिपा एकापुढे एक जोडलेल्या असतात, एक जळली की सगळा बल्ब बंद. ती चिप शॉर्ट करून बल्ब पेटवून देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत, पण उरलेल्या चिपांवर ताण वाढतो आणि महिनाभरात दुसरी जाते.

कारणं ठरलेली असतात. पहिलं म्हणजे चहूबाजूंनी बंद काचेचा गोळा, हवा खेळत नाही, ड्रायव्हर शिजतो. अशा गोळ्यात ९ ऐवजी ५ वॅटचा लावा किंवा बुडाला हवेची वाट ठेवा. दुसरं, रात्री चढणारा व्होल्टेज. सगळ्यात स्वस्त बल्बांत खरा ड्रायव्हर नसतो, एक कपॅसिटर विजेला अडवून धरतो. व्होल्टेज वाढला की त्यातून प्रवाहही वाढतो. व्होल्टेज पडल्यावर बल्ब लगेच मंद झाला तर तो याच जातीचा समजा. गावाकडच्या घरासाठी खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट असा पल्ला लिहिलेला घ्या. हीच स्वस्त जात चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर फार पटकन जाते. आणि एकाच आठवड्यात तीन-चार दिवे, सोबत चार्जर किंवा टीव्ही गेला, तर दिव्यांना दोष देऊ नका. न्यूट्रल सैल झाला असण्याची शक्यता आहे, आणि तीन फेजच्या इमारतीत त्याने २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. मेन बंद करा आणि त्याच दिवशी वायरमनला दाखवा.

बटण बंद असूनही बल्ब अंधारात मंद पेटलेला दिसतो किंवा दर काही सेकंदांनी झपकतो, याची दोन कारणं. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारा एक मिलिअँपियरपेक्षाही कमी प्रवाह बल्बच्या कपॅसिटरमध्ये साठतो आणि पुरेसा झाला की झपकतो. त्याने बिल वाढत नाही. इंडिकेटर काढा, थांबेल. इंडिकेटर नसेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं. हे मात्र धोक्याचं. बटण बंद करूनही होल्डरमध्ये वीज असते. बटण बंद ठेवून, बल्ब काढून, होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावा. एखाद्या टोकाला तो ठळक पेटला तर वायरमनकडून फेज बटणावर घेऊन घ्या. तोवर बल्ब बदलताना एमसीबी पाडायचा.

वाचलेलं परत घालवणारी छतं

दिव्यांचा वापर वाढल्याचं एक मोठं कारण पीओपीचं छत आहे. एलईडी आहे, वीज लागत नाही, असं सांगून डेकोरेटर हॉलच्या कडेने १२ मीटर स्ट्रिप फिरवतो. साधी स्ट्रिप मीटरला १० वॅटच्या आसपास खाते, ठळक असेल तर १४. म्हणजे १२० वॅट तिथेच, वर ८ वॅटचे दहा कन्सील्ड दिवे. झाले २०० वॅट, जिथे पूर्वी ५२ वॅटची एक ट्यूब पुरायची. रोज ४ तास लावलेत तर महिन्याला २४ युनिट, जुन्या ट्यूबची ६ होती. करायचंच असेल तर स्ट्रिप आणि कन्सील्ड दिव्यांना वेगवेगळी बटणं आणि वाचायला एक साधी पट्टी ठेवायला सांगा. वायरिंग झाल्यावर बटणं वेगळी करायला छत फोडावं लागतं.

तुमची उरलेली युनिट

बदललेले दिवे आणि दोन झिरोचे बल्ब सोडून तुमच्या २१० मधली १६७ युनिट साधारण अशी असावीत: तीन पंखे, मिळून दिवसाला ३० तास, प्रत्येकी ७५ वॅट, ६७ युनिट. गीझर रोज अर्धा तास, ३०. फ्रिज ३०. टीव्ही आणि रात्रंदिवस चालू राहणारा सेट-टॉप बॉक्स मिळून २०. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर वगैरे २०. यात दिव्यांसारखाच सोपा घास एकच आहे, तो म्हणजे पंखा. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास घेतो. रोज १० तास चालणाऱ्या एका पंख्यावर महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. अडीच-तीन हजारांचा पंखा आपल्याकडच्या उकाड्यात दीड-दोन वर्षांत फिटतो. तिन्ही एकदम नका घेऊ. ज्या बेडरूममध्ये रात्रभर चालतो तिथला आधी घ्या, आणि भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरिंगमधून काढून टाका, तो ठेवला तर हे पंखे नीट चालत नाहीत.

घरात इन्व्हर्टर असेल तर दिव्यांची किंमत तिथे जास्त कळते. १५० अँपियर-तासाची बॅटरी प्रत्यक्षात ११५० वॅट-तासांच्या आसपास देते. तीन जुन्या ट्यूब आणि दोन साधे पंखे पावणेचार तास चालतात. तेच पंखे आणि एलईडी पट्ट्या साडेपाच तास.

काढलेले सीएफएल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, आत पारा असतो. खोक्यात गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. जुन्या ट्यूबलाही हेच लागू. चोक मात्र भंगारवाल्याला द्यायच्या आधी वजन करून घ्या, आत तांबं आहे.